सकाळी नऊ, चॅनेल सात

गेल्या महिन्यात लेक बाळंत झाली, सिएटलला. मी तिच्याकडे पोचले तेव्हा बाळ अकरा दिवसांचं होतं. दारातच तिने ते माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "बाळाकडे बघून तुला काय वाटतं गं?" ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "काहीच नाही." आणि रडायला लागली.

त्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. औषध सुरू झालं, बोलायला एक समुपदेशक मिळाली. आता ती बाळाला अंघोळ घालताना गाणी म्हणते. हे मी तिला विचारूनच लिहिते आहे.

परतीच्या विमानात मात्र मनात एकच घोळत होतं. तो प्रश्न विचारायचं मला सुचलं कसं? माझ्या पिढीत बाळंतिणीला कुणी असं विचारत नाही. दूध येतंय का, टाके दुखतात का, डिंकाचे लाडू खाल्लेस का, एवढंच विचारतात. मला तो प्रश्न आईकडून मिळाला. आणि आईचं तोंड ज्याने उघडलं, तो शिकागोत चॅनेल सातवर सकाळी नऊला लागणारा ओप्रा विन्फ्री या अमेरिकन निवेदिकेचा गप्पांचा कार्यक्रम होता. म्हणून आज त्याबद्दल लिहायचं आहे.

लग्न होऊन मी शिकागोच्या एका उपनगरात आले ती ऑक्टोबर १९८८ मध्ये. नवरा सकाळी सातला गाडी घेऊन जायचा. आमच्या अपार्टमेंटपासून चालत जाता येईल असं एकही दुकान नव्हतं, बस नव्हती. घरात मी, हीटरची घरघर आणि टीव्ही. विलिंग्डन कॉलेजात बी.एस्सी. इंग्रजीतून केलं होतं, पण पुस्तकातलं इंग्रजी वेगळं आणि बायका एकमेकींशी बोलतात ते वेगळं. ते दुसरं इंग्रजी मी ओप्राकडून शिकले. 'आय हिअर यू' म्हणजे 'तुझा आवाज ऐकू येतोय' नव्हे, 'तुझं म्हणणं मला पोचलं', हे शब्दकोशात मिळत नाही.

येऊन महिना झाला असेल-नसेल, तेव्हा तो प्रसिद्ध भाग लागला, १५ नोव्हेंबर १९८८ चा. जीन्स घालून ओप्रा आली आणि मागून लहान मुलांची लाल ढकलगाडी ओढत आणली. गाडीत प्राण्याची चरबी, ६७ पौंड, म्हणजे तीस किलो. एवढं वजन तिने उतरवलं होतं आणि ते ती सगळ्या देशाला दाखवत होती. पुढे तिचं वजन परत वाढलं आणि त्या गाडीचा आपल्याला पस्तावा होतो असं ती स्वतःच म्हणाली. मलाही आज तो भाग बघवत नाही. पण तेव्हा मी तेवीस-चोवीस दिवसांपूर्वी सांगलीहून आलेली मुलगी होते. एक बाई स्वतःच्या शरीराबद्दल आकडा उच्चारून बोलते आहे आणि समोरचे लोक हसत नाहीत, टाळ्या वाजवतात, यानेच मी थक्क झाले.

न्यू जर्सीत एडिसनला माझ्या मोठ्या वन्सं राहायच्या. त्यांच्याकडे हाच कार्यक्रम दुपारी चारला लागायचा. आमच्याकडचे नऊ म्हणजे त्यांचे दहा, म्हणजे मी त्यांच्या आधी सहा तास. रविवारी फोन झाला की वन्सं म्हणायच्या, "आम्ही आपल्या उशिरा जेवणाऱ्या पंगतीतल्या!" एकच कार्यक्रम एका गावात सकाळी आणि दुसऱ्या गावात संध्याकाळी कसा, हे मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. दूरदर्शनवर वाढलेल्या माणसाला सगळा देश एकाच वेळी एकच गोष्ट बघतो हेच माहीत.

याला सिंडिकेशन म्हणतात. आपल्याकडे एकाच ज्योतिषाचं राशिभविष्य कोल्हापूरच्या पेपरात येतं आणि नागपूरच्या पेपरातही, तसंच हे. अमेरिकेत एनबीसी, सीबीएस, एबीसी ही मोठी नेटवर्कं असली तरी दिवसातले बरेच तास शहरातल्या स्थानिक केंद्राच्या ताब्यात असतात, आणि तिथे काय लावायचं ते केंद्र ठरवतं. ओप्राचा कार्यक्रम नेटवर्कचा नव्हताच. किंग वर्ल्ड नावाची वितरक कंपनी तो गावोगावच्या केंद्रांना एकेक करून विकायची. केंद्र पैसे मोजायचं, शिवाय तासातली जाहिरातींची काही मिनिटं वितरक स्वतःकडे ठेवून देशभरच्या कंपन्यांना विकायचा. उरलेली मिनिटं केंद्राची, गावातल्या गाडीविक्यांना आणि फर्निचरवाल्यांना विकायला.

बहुतेक केंद्रांना ती चारला हवी असायची. कारण पाचला स्थानिक बातम्या, आणि त्या बातम्यांतल्या जाहिरातींवर केंद्राची खरी कमाई. चारला ओप्रा बघायला बसलेली बाई पाचला उठून चॅनेल बदलत नाही. म्हणून एकाच शहरातली दोन केंद्रं तिच्यासाठी चढाओढीने बोली लावायची. शिकागोत मात्र तो सकाळचा कार्यक्रम म्हणून जन्मला होता, आणि सकाळचाच राहिला.

जन्माची हकिकत अशी. फिल डोनाह्यू नावाच्या माणसाने ६ नोव्हेंबर १९६७ ला ओहायोतल्या डेटन गावात एका स्थानिक केंद्रावर अशा गप्पांच्या कार्यक्रमाचा प्रकार सुरू केला. स्टुडिओत दुसऱ्याच एका कार्यक्रमासाठी आलेले प्रेक्षक बसलेले होते. जाहिरातीच्या वेळात त्यातल्या बायका पाहुण्यांना जे प्रश्न विचारत ते त्याच्या प्रश्नांपेक्षा सरस निघाले. तेव्हा तो माईक घेऊन त्यांच्यातच शिरला. मला ही गोष्ट फार आवडते. दुपारच्या टीव्हीला अक्कल देणाऱ्या त्या बायका होत्या आणि त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. सुरुवातीला त्याच्या टेपा एका केंद्रावर दाखवून झाल्या की टपालाने पुढच्या केंद्राकडे जायच्या, म्हणजे कुठल्या गावात कधीचा भाग दिसेल याचा नेम नाही. १९७४ मध्ये तो शिकागोत आला आणि दहा वर्षं त्याचंच राज्य होतं.

जानेवारी १९८४ मध्ये बाल्टिमोरहून आलेल्या ओप्राला चॅनेल सातने आपला अर्ध्या तासाचा, मागे पडलेला सकाळचा कार्यक्रम दिला. महिन्याभरात तिने शिकागोत डोनाह्यूला मागे टाकलं. पुढे तास वाढला, नाव बदलून तिचंच झालं, आणि ८ सप्टेंबर १९८६ पासून देशभर विक्री सुरू. दोन वर्षांत कार्यक्रमाची मालकी तिने स्वतःच्या हार्पो कंपनीकडे घेतली. तिच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की हार्पो होतं. नोकरी करणाऱ्या निवेदिकेने आपलाच कार्यक्रम विकत घ्यायचा, हे धाडस मला तिच्या कुठल्याही गाजलेल्या मुलाखतीपेक्षा मोठं वाटतं.

तो स्टुडिओ मी आतून पाहिला आहे. महाराष्ट्र मंडळातल्या आम्ही चौघी होतो. तिकीट फुकट, पण फोन लागेल तर शपथ. कितीतरी दिवस सकाळी आळीपाळीने नंबर फिरवला, नुसता एंगेज. अखेर लागला तो फेब्रुवारीतल्या दिवसासाठी, १९९५ साल. वेस्ट वॉशिंग्टन बुलेवार्डवरची ती विटांची जुनी इमारत, बाहेर बोटं बधिर करणारं वारं, आणि रांगेत सगळ्या बायका लग्नाला निघाल्यासारख्या रंगीबेरंगी. आमच्यातल्या एकीने इरकली नेसली होती, वरून जाड कोट. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की ही पूर्वी पलटणीची इमारत होती. १९१५ मध्ये ईस्टलँड बोट शिकागो नदीत उलटून ८४४ माणसं गेली तेव्हा प्रेतं ओळख पटवण्यासाठी इथे मांडली होती. मग हसऱ्या मुलींनी आमचे कोट आणि पर्सा घेतल्या आणि आत सोडलं.

टीव्हीवर तो हॉल केवढा दिसायचा! प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास खुर्च्या, आणि त्या स्टेजला इतक्या चिकटून की ओप्राचा श्वास ऐकू यावा. आधी एक निर्माती येऊन आम्हाला बोलतं करत होती, कुणाला काय म्हणायचंय ते हेरत होती. मी टीव्हीवर पाहायचे ते 'सहज' उठलेले प्रश्न बरेचसे असे आधी हेरलेले असत. मला त्यात फसवणूक वाटली नाही. कीर्तनकारही समोर कोण बसलंय ते पाहूनच आख्यान लावतो. जाहिरातीची वेळ झाली की मेकअपवाली पुढे यायची आणि ओप्राचे खांदे खाली यायचे. दिवा लागला की खांदे परत वर. त्या दिवशी विषय बहिणींमधला अबोला होता. मला आठवते ती एक गोष्ट. पाहुणी उत्तर देऊन थांबली, आणि ओप्रा हातातल्या कार्डाकडे वळली नाही. नुसती थांबली. तीन-चार सेकंद असतील. मग त्या बाईने पहिल्यापेक्षा खरं असं दुसरं उत्तर दिलं. ते थांबणं मी तिथे पाहिलं.

तेव्हाच्या दुपारच्या टीव्हीवर थांबणं फारसं कुणाला नको होतं. त्याच मार्चमध्ये, त्याच शिकागोत चित्रित होणाऱ्या जेनी जोन्सच्या कार्यक्रमात एका पुरुषाने दुसऱ्यावरचं आपलं गुप्त प्रेम सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या दुसऱ्याने त्याचा गोळ्या घालून खून केला. तो भाग कधी दाखवलाच नाही. जेरी स्प्रिंगरच्या मंचावर खुर्च्या उडायच्या, तोही शिकागोचाच. १९९८ मध्ये आकड्यांत तो ओप्राच्या पुढे गेला होता. ओप्रानेही सुरुवातीच्या वर्षांत भांडणं लावणारे विषय घेतले होते, तिचे त्या काळातले काही भाग मला आवडत नव्हते. पण १९९४ च्या सुमारास तिने ती वाट सोडली, आणि पुस्तकांकडे वळली. २००१ मध्ये तिच्या बुक क्लबात रोहिंटन मिस्त्रींची आणीबाणीच्या काळातली कादंबरी आली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकारी बायका मला नसबंदीबद्दल विचारायला लागल्या. मी तेव्हा एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या पाळीला होते, दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. त्यामुळे नऊची ओप्रा मला कधी चुकली नाही.

तिच्यावर मी एकदाच मनापासून चिडले. २००७ मध्ये लसी आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणाऱ्या एका नटीला तिने मंच दिला. मी दिवसभर रक्ताचे नमुने तपासणारी बाई, गोवर म्हणजे काय ते सांगलीत डोळ्यांनी पाहिलेली. एका आईचा अनुभव हा पुरावा नसतो, हे तिथे ठणकावून सांगायला हवं होतं. ज्या थांबण्याचं मी कौतुक केलं, तिथे मात्र थांबून चालणार नव्हतं. तिच्या शब्दावर लाखो बायका विश्वास ठेवायच्या, मीही त्यातलीच, म्हणून राग जास्त आला.

२५ मे २०११ ला शेवटचा, ४५६१ वा भाग झाला. पाहुणे नाहीत, ती एकटीच बोलली. २०१६ मध्ये ती विटांची इमारत पाडली आणि तिथे मॅकडोनाल्ड्सचं मुख्यालय उभं राहिलं.

आता जे सांगायला बसले ते.

२००५ च्या एप्रिलमध्ये आई सहा महिन्यांसाठी आली होती. चौसष्ट वर्षांची. इंग्रजी चौथीपर्यंतचं. सांगलीला ती 'होम मिनिस्टर' न चुकता बघायची, त्यामुळे बायकांना बोलतं करणारा कार्यक्रम ही कल्पना तिला नवी नव्हती. सकाळी मुलं शाळेत गेली की मी कपड्यांची बादली घेऊन टीव्हीसमोर बसायची, आई घड्या घालायला. मधून मधून विचारायची, "काय म्हणते गं ही?" मी दोन वाक्यांत सांगायची.

मे महिना म्हणजे स्वीप्सचा. तेव्हा नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै या महिन्यांत नील्सन कंपनी घरोघरची प्रेक्षकसंख्या मोजायची आणि त्यावरून केंद्रांचे जाहिरातींचे दर ठरायचे. म्हणून मोठे भाग त्या महिन्यांत राखून ठेवायचे. चरबीची गाडी नोव्हेंबरात आली ती उगाच नव्हे. त्या मेमध्ये हॉलिवूडचा नट टॉम क्रूझ ओप्राच्या सोफ्यावर उड्या मारून गेला, जगाला तेवढंच आठवतं. पण त्याच महिन्यात, त्याच्या आधी, ब्रुक शील्ड्स नावाची नटी येऊन गेली होती. बाळंतपणानंतर आपल्याला आलेल्या नैराश्याबद्दल तिने पुस्तक लिहिलं होतं. बाळ रडतंय आणि आपल्याला त्याच्याजवळ जावंसंही वाटत नाही, आपण नाहीसं व्हावं असं वाटतं, मग औषधांनी आणि उपचारांनी आपण सावरलो, असं ती सांगत होती. (पुढे जूनमध्ये टॉम क्रूझनेच तिच्या औषधं घेण्यावर जाहीर टीका केली. वर्षभराने माफीही मागितली.)

आईने विचारलं, "का रडते ती?"

मी सांगितलं, "बाळ झाल्यावर तिला बाळाबद्दल माया वाटत नव्हती म्हणे. आजार असतो तो. औषध असतं त्याला."

आईच्या हातात माझ्या धाकट्याचा टीशर्ट होता. तिने त्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग टीव्हीकडेच बघत म्हणाली, "तुझ्या वेळी मला तसं झालं होतं."

मी टीव्हीचा आवाज बंद केला. ती म्हणाली, "असू दे की. चालू राहू दे." म्हणून परत सुरू केला. ते इंग्रजी मागे चालू होतं म्हणूनच बहुधा ती बोलू शकली.

१९६३ साल, सांगलीचा गावभाग, वाड्यातली मागची अंधारी खोली. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. "तू शेजारच्या कुणाचं तरी मूल वाटायचीस गं. पाचवी पुजली, बारसं झालं, सगळ्या म्हणायच्या लक्ष्मी आली. मला नुसतं कृष्णेचं पाणी दिसायचं डोळ्यांपुढे." दूध येईना. काकूंची मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती, काकूंनी मला पाजलं. आजी म्हणाली बाहेरचं लागलं, आणि आईला नरसोबाच्या वाडीला नेलं. एकवीस दिवस दोन्ही वेळा प्रदक्षिणा. "सासूबाई वाईट नव्हत्या," आई म्हणाली, "त्या स्वतः माझ्याबरोबर फिरायच्या. पण काय होतंय असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. शब्दच नव्हता त्याला." चार-पाच महिन्यांनी हळूहळू ते ओसरलं. एके दिवशी मी तिच्याकडे बघून हसले, आणि तिला कळलं की ही माझी आहे. बेचाळीस वर्षं तिने हे कुणालाही, बाबांनाही, सांगितलं नव्हतं.

"तुला राग आला?" तिने विचारलं.

मला राग नव्हता आला. मला शिकागोच्या ऑक्टोबरातली मी आठवत होते, आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांना ती तीन-तीन महिने येऊन राहिली होती ते. प्रत्येक वेळी पहिल्याच रात्री पलंगावर बसून तिने विचारलं होतं, "बाळाकडे बघून तुला काय वाटतं गं?" मला तो तेव्हा आजीचा कौतुकाचा प्रश्न वाटला होता. मी "गोड वाटतं" म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे नीट बघून घ्यायची आणि मगच दिवा मालवायची.

त्या दुपारी मी नेहमीसारखी कामावर गेले. रात्री पावणेबाराला परत आले तर दिवाणखान्यात निळा उजेड. चॅनेल सातवर सकाळचा भाग रात्री अकरानंतर परत दाखवायचे. मुलं उठू नयेत म्हणून आईने आवाज पूर्ण बंद केला होता आणि खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून, शाल पांघरून, ती त्या नटीचं तोंड हलताना बघत बसली होती. मी कोट न काढताच तिच्याशेजारी खाली बसले.